वैशाखातील आळी

वैशाख शुद्ध तृतीयेला परसदारी वेलांची आळी घालावयाची, ही चाल महाराष्ट्रात आणि विशेषेकरून कोकणात फार जुनी आहे. त्या दिवशी लावलेले अक्षय होते, अशी श्रद्धा. या श्रद्धेच्या पोटी पावसाचा एक चोख हिशेब दडलेला आहे. मोसमी पाऊस मुंबईस साधारणतः 11 जूनच्या सुमारास पोहोचतो आणि दक्षिण कोकणात त्याच्या काही दिवस आधी. दुधी, पडवळ, दोडका, काकडी यांचे बी रुजून वेल मांडवाशी लागण्यास पाच-सहा आठवडे हवेत. भर पावसात बी टाकले, तर ते चिखलात कुजते. उगवलेच, तर कोवळ्या पानांवर सरींचा मार बसतो आणि उरलेले गोगलगायी फस्त करतात. म्हणून वैशाखाच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाण्यावर वेल वाढवावयाचा आणि मुळे खोल गेल्यावर तो पावसाच्या स्वाधीन करावयाचा, अशी ही रीत.

मुहूर्तापेक्षा हिशेब महत्त्वाचा, कारण मुहूर्त हलतो. अधिक मासामुळे अक्षय्यतृतीया 2023 साली 22 एप्रिलला आली आणि 2024 साली 10 मे रोजी. 1957 साली सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाखाचा पहिला दिवस मात्र 21 एप्रिल सोडीत नाही. आळ्यांच्या कामी ती अधिक भरवशाची. कचेऱ्यांबाहेर तिला फारसे कोणी विचारीत नाही, ही गोष्ट वेगळी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर आपापल्या गावच्या पावसापासूनच मागे मोजावे. दिल्लीस पाऊस जूनच्या अखेरीस येतो. तेथे एप्रिलात लावलेला वेल लूच्या झळांत पानांनी वाढेल, पण फळ धरणार नाही. मेचा शेवटचा आठवडा तेथे बरा. तंजावर-चेन्नईकडे मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. तेथील शेतकरी आडी महिना, म्हणजे जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, पेरणीचा मानतात. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेल्या मराठी घरांनीही तोच महिना धरणे शहाणपणाचे.

आळे हातभर रुंद व हातभर खोल खणावे. तळाशी पालापाचोळा, वर कुजलेले शेणखत, मूठभर राख आणि खणलेली माती, असा भराव घालून ते चार दिवस भिजत ठेवावे. कारल्याचे आणि दुधीचे कवच टणक, म्हणून बी रात्रभर भिजवावे. बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर चार-पाच बिया टोचाव्या आणि पुढे त्यांतील जोमाची दोन रोपे राखावी. बाकीची उपटताना जीव हळहळतो, पण दाटीने कोणाचेच भले होत नाही. ज्यांना अंगण नाही, त्यांच्या गच्चीवर रंगाचा मोठा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून ठेवला, तरी काम भागते.

याच दिवसांत हळदीचे व आल्याचे कंद पुरावे; अळूचा कंद मोरीच्या पाण्यावर सोडावा. श्रावणात पातोळ्यांना लागणारी हळदीची पाने याच लागवडीची. पुदिन्याची व ओव्याच्या पानाची काडी कोठेही लागते. कोथिंबिरीला मात्र हे ऊन सोसत नाही. हवीच असेल, तर धणे रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्या, रात्रभर भिजवाव्या आणि भिंतीच्या सावलीत पेराव्या.

वेल फुलू लागला की पहिली फुले गळतात आणि घरोघर काळजी सुरू होते. ती सारी नरफुले असतात. मादीफूल मागाहून येते आणि त्याच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसते. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढण्यापूर्वी मिटते. तेवढ्या वेळात मधमाशीने आपले काम उरकावयाचे. दुधीचे व पडवळाचे पांढरे फूल रात्रीचे, त्याचे पाहुणे पतंग. रात्री मांडवाखाली दिवा लावून ठेवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

भाद्रपदात ऋषिपंचमी येते. बैलांच्या कष्टाचे त्या दिवशी खावयाचे नाही, असा नेम आहे. हाताने खणलेल्या आळ्यांतील पडवळ, दोडका, भोपळा, परसातला अळू, माठ, अंबाडी यांची एकत्र भाजी होते. अलीकडे शहरांत ही भाजी चिरून, जुड्या बांधून विकत मिळते. त्यात गैर काही नाही. परंतु जी गोष्ट अशी विकत मिळत नाही, ती म्हणजे घरचे बी.

पूर्वी प्रत्येक मांडवावर एक फळ राखलेले असे. त्याला कोणी हात लावीत नसे. आज वैशाखात बहुतेक घरी पाकीट येते आणि ते बहुधा संकरित बियाण्याचे असते. त्याचे पहिले पीक उत्तम, यात शंका नाही. पण त्या फळातले बी पुन्हा लावले की प्रत्येक वेल वेगळा निघतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट आणावे लागते. एखाद्या गावचा आखूड, काटेरी दोडका किंवा कोकणातला पावसाळी चिबूड एकदा लावावयाचा राहिला, की दोन-चार वर्षांत त्याचे बी निर्जीव होते. मग तो कोठल्याच दुकानात सापडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी बियाणी जमवून घरातच बियाण्यांची पेढी उभी केली. 2020 सालच्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव होते. कायदाही या बाबतीत आड येत नाही. 2001 च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, एवढेच काय, नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे.

बी राखताना एक सावधगिरी हवी. दुधी आणि लाल भोपळा यांचा परस्पर संकर होत नाही, पण गोड दुधीजवळ कडू भोपळ्याचा वेल असेल, तर पतंग भेद करीत नाहीत. त्या वर्षीचे फळ गोडच लागते. कडूपणा त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी उतरतो. कडू दुधी विषारी असतो. म्हणून दुधी चिरताना देठाकडचा तुकडा जिभेला लावून पाहावा, कडू लागताच थुंकून टाकावा, आणि तो वेलही काढून टाकावा.

मांडवावरचे सर्वांत निरोगी फळ, पहिल्या बहरातले, खूण बांधून राखावे. काकडी पिवळी होऊ द्यावी. तिचा गर दोन दिवस पाण्यात ठेवून बी धुवावे. कारले केशरी होऊन उकलण्याच्या बेतात असता काढावे. दुधी वेलावरच वाळू द्यावा आणि हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले म्हणजे उतरवावा. बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावे आणि बाटलीवर साल लिहावे. मूठभर शेजारी द्यावे. आपला वेल एखाद्या वर्षी गेला, तर परत मागावयाला जागा राहते.