निवडणुकीच्या सिनेमात मतदार कुठे आहे?



निवडणुकीवरचा विनोदी चित्रपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेला माणूस येतो. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, मागे चार कार्यकर्ते आणि तोंडात भलत्याच जागी पेरलेले जड शब्द. तो माइकसमोर आला की थिएटर हसायला लागतं. हे हसू मला पुरत नाही. उमेदवाराची टिंगल आपण चहाच्या टपरीवर रोजच करतो, त्यासाठी सिनेमा कशाला हवा? निवडणुकीत मत मागणारा असतो तसा देणाराही असतो. ज्या चित्रपटांनी या देणाऱ्याकडे कॅमेरा वळवला, तेच निवडणुकीबद्दल खरं काही सांगून गेले, असं माझं मत आहे. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

सगळ्यांत आधी ‘मंडेला’. मॅडोन अश्विन या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला तमिळ चित्रपट. पदार्पणासाठी आणि संवादांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तो ४ एप्रिल २०२१ रोजी थेट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला आणि ६ एप्रिलला तामिळनाडूत विधानसभेचं मतदान होतं. म्हणजे जाहीर प्रचार थंडावताना, रात्र वैऱ्याची म्हणतात त्या दिवसांत, लोकांनी तो घरात बसून पाहिला.

गोष्ट सूरंगुडी नावाच्या गावाची. गावात दोन जाती, त्यांच्या दोन आळ्या आणि मध्ये पिढीजात वैर. म्हाताऱ्या पंचायत अध्यक्षाने दोन्ही आळ्या धरून ठेवण्यासाठी दोन्हींकडच्या बायका केलेल्या. आता त्या बायकांचे दोन मुलगे एकमेकांसमोर उभे आहेत. सुरुवातीलाच गावात सरकारी शौचालय बांधून होतं, पहिला मान कोणाचा यावरून हाणामारी होते आणि त्यात शौचालयाचीच वाट लागते. हा प्रसंग नीट पाहा. मंत्र्याने निधी खाल्लेला नाही, ठेकेदार पळालेला नाही. आलेली सोय गावाने आपल्या हाताने घालवली आहे.

या गावात एक न्हावी आहे. त्याला धड नाव नाही, सगळे ‘स्माइल’ म्हणतात. राहायला झाडाखाली. दाढी करायला बोलावलं तर मागच्या दाराने यायचं, सांगतील ती घरकामंही करायची, पैसे मिळतीलच असं नाही. साठवलेले पैसे चोरीला जातात, म्हणून पोस्टात खातं काढायला जातो, तर ओळखपत्र नाही. पोस्टातली तेन्मोळी त्याला नवं नाव देते, नेल्सन मंडेला. आधार कार्ड येतं, मतदार ओळखपत्र येतं. इकडे दोन्ही भावांचे कार्यकर्ते मतदारयादी घेऊन बसतात. मत कोणाला देणार, हे कोणाला विचारावंच लागत नाही. आळी पाहायची आणि खूण करायची. बेरीज होते तेव्हा दोन्ही बाजू अगदी समसमान. उरतं एकच मत, ज्याच्यापुढे कोणतीही आळी लिहिता येत नाही, त्या न्हाव्याचं.

मग जे सुरू होतं ते आपल्याला अनोळखी नाही. भेटी, दुकान, कपडे, मानपान आणि पुढे धाकदपटशा. न्हावी झालेला योगी बाबू हा तमिळ सिनेमातला लाडका विनोदी नट. इतर चित्रपटांत त्याच्या रूपावर विनोद केले जातात. इथे दिग्दर्शकाने त्याला जवळजवळ शांत ठेवलंय आणि त्याच्याभोवतीचं गाव हास्यास्पद केलंय. न्हावीही भुलतो, हे मला विशेष मोलाचं वाटतं. गरीब म्हणून त्याला सोवळ्यात ठेवलेलं नाही. नंतर तो एका मताच्या जोरावर रस्ता, दिवे, शाळा अशी कामं करून घेतो. तिथे चित्रपट जरा जास्तच गोड होतो. पण तोवर यादीवर खुणा करणारी ती पेन्सिल मनात रुतलेली असते.

हे कल्पनेतलं गाव आहे, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. ‘मंडेला’ येण्याच्या तीनच महिने आधी, जानेवारी २०२१ मध्ये, आपल्या राज्य निवडणूक आयोगाला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक रद्द करावी लागली. कारण पदांचा जाहीर लिलाव. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि पैसा मंदिरासाठी लागणार होता. म्हणजे बोलीत सगळं गाव सामील होतं. इथे एकट्या उमेदवाराला हसून काय साधणार?

अमेरिकेत ही नस फार आधी पकडली गेली. प्रेस्टन स्टर्जेस या लेखकाने ‘द ग्रेट मॅगिंटी’ची पटकथा पॅरामाउंटला अवघ्या १० डॉलरना विकली, अट एकच, दिग्दर्शन मी करणार. १९४० साली चित्रपट आला आणि त्याला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. एक भणंग माणूस निवडणुकीच्या रात्री दोन डॉलरला एक मत या दराने आजारी, मेलेल्या लोकांच्या नावांवर मतं टाकत फिरतो. ३७ मतं. हिशेब मागायला येतो तेव्हा शहराचं राजकारण चालवणारा ‘बॉस’ खूश होतो, आणि तिथून त्या माणसाची वर चढायला सुरुवात होते. महापौरपदाला उभं करताना त्याला लग्न करायला लावतात, कारण बायकांची मतं ब्रह्मचाऱ्याला पडत नाहीत. राज्यकर्ता मतपेटीतूनच घडतो, तिथे जे घातलं तेच बाहेर येतं, हे इतक्या निर्भीडपणे दुसऱ्या कोणी दाखवल्याचं मला आठवत नाही.

मल्याळममध्ये १९९१ साली सत्यन अंतिकाड यांचा ‘संदेशम्’ आला, लेखक श्रीनिवासन. त्यात हसू कार्यकर्त्यांवर आहे, पण तेही आधी मतदारच. एका घरातले दोन भाऊ दोन पक्षांत. निवडणूक हरल्यावर पक्षाचा विचारवंत पराभवाची अशी काही अगम्य मीमांसा करतो की शेवटी एक साधा कार्यकर्ता विचारतो, आपण का हरलो, ते सरळ भाषेत सांगा ना. केरळात हा प्रसंग लोकांना आजही पाठ आहे.

‘न्यूटन’ तुम्ही पाहिला असेल. अमित मसुरकर यांचा, २०१७ सालचा. दंडकारण्यातलं केंद्र, ७६ मतदार. परदेशी पत्रकार येणार म्हणताच माणसं गोळा करून आणली जातात. यंत्र म्हणजे खेळणं आहे, आवडेल त्या चित्राचं बटण दाबा, असं सुरक्षा दलाचा अधिकारी त्यांना समजावतो. पंकज त्रिपाठींच्या तोंडी हे इतक्या सहज येतं की आपण हसतो. पण उमेदवाराचं नावही माहीत नसलेल्या त्या माणसांना आपण हसू शकत नाही. आपल्या अंजली पाटील यांनी साकारलेली स्थानिक शिक्षिका मलको हे सगळं पाहत असते. हसू कुठे थांबलं पाहिजे, ते या चित्रपटाला कळतं.

मराठीत सत्तेवरचे गंभीर चित्रपट उत्तम झाले. ‘सामना’, ‘सिंहासन’ यांच्या तोडीचं इतर भाषांतही थोडंच आहे. विनोदात मात्र आपण पुढाऱ्याच्या टोपीपाशीच थांबलो. याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्या तमाशातला सोंगाड्या बोलता बोलता समोरच्या गर्दीकडे वळायचा आणि तिलाही सोडायचा नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी तेच केलं. सिनेमाच्या पडद्यावर ते वळणं हरवलं.

मला पाहायचा असलेला मराठी चित्रपट खेड्यातला नाहीच. तो पुण्या-मुंबईतल्या एका गृहनिर्माण सोसायटीत घडतो. महापालिकेची निवडणूक आठ दिवसांवर आहे. क्लब हाउसमध्ये तातडीची सभा भरली आहे. सभासद सुशिक्षित, अनेक निवृत्त अधिकारी, दोन-तीन प्राध्यापक. विषयपत्रिकेवर एकच मुद्दा: सगळी मतं एकगठ्ठा द्यायची तर उमेदवाराकडून पेव्हर ब्लॉक मागायचे, सीसीटीव्ही मागायचे की इमारतीला रंग लावून घ्यायचा. सचिव उभे राहून फ्लॅटवार मतदारांचा तक्ता वाचतात. दोन विंग रंगासाठी, एक विंग पेव्हर ब्लॉकसाठी. तळमजल्यावरच्या आजी विचारतात, या उमेदवाराचं आपल्या प्रभागातल्या पाण्याबद्दल म्हणणं काय आहे? आणि अध्यक्ष सांगतात, आजी, तो विषय आज पत्रिकेवर नाही.