वडील आणि कारागीर : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला की दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी लागते. तिच्यावर दात्यांची नावे येतात आणि ती आलीच पाहिजेत, कारण पैशावाचून चौथरासुद्धा उभा राहत नाही. पण दगड घडवणारा पाथरवट, चौकट बसवणारा सुतार, कळसापर्यंत चढलेला गवंडी यांची नावे पाटीवर सहसा नसतात. ती ठाऊक असतात त्यांच्या मुलाबाळांना. बाप गेल्यावर मुलगा नातवाचा हात धरून देवळात येतो आणि सांगतो, "हा खांब तुझ्या आजोबांनी उभा केला." आजचा विषय अशाच एका कारागीर वडिलांचा आहे.

आपल्या मीरा-भाईंदरला हा विषय परका नाही. राई, मुर्धे, मोर्वे या गावांतील कित्येक घरे मिठागरावर आणि भातशेतीवर जगली. उत्तन-डोंगरीकडे होडी आणि जाळे. पुढे भाईंदर पूर्वेला गाळे उभे राहिले, स्टीलची भांडी घडू लागली, लेथ फिरू लागले. १९८५ साली इथे नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका, पण त्याच्याही आधीपासून इथला बाप संध्याकाळी काळ्या हातांनी घरी येत होता आणि मुलाला म्हणत होता, "तू शीक, पण हाताला काम लागू दे." हेच ज्यांनी आयुष्यभर केले ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्तात रमणारे. मुलाला मात्र पुस्तकापेक्षा चित्रे आणि यंत्रे प्रिय. चित्रकार व्हावे म्हणून तो मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये आला आणि तिथे कळले की त्याच्या डोळ्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? लक्ष्मणरावांनी रंगाची पेटी मिटली आणि यंत्रांची रेखाचित्रे काढायला घेतली, त्यात रंग लागत नाहीत. त्याच विद्येवर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान १८८८ पासूनच होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकून गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. नोकरी सोडल्यावर कडबा कापण्याची यंत्रे होऊ लागली आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला.

इथे जरा थांबले पाहिजे. आपला जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, वरची माती खाली घालत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याचे वळलेले पाते ढेकूळ उलथे पाडते. गवताची मुळे उन्हात येऊन वाळतात आणि पावसाचे पाणी खोल मुरते. इतका गुणाचा नांगर, पण कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुष्कळ जण ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसून सांगतात, ते बरोबर नाही. ज्याचे एक पीक बुडाले की वर्ष बुडते, तो नव्या अवजाराकडे संशयाने पाहणारच. त्या शेतकऱ्याला नावे ठेवीत बसण्यापेक्षा लक्ष्मणराव आपल्या नांगराचे काम सुधारत राहिले. दारावर गिऱ्हाईक नसताना भट्टी चालू ठेवायची आणि घरात कोणाला ते जाणवू द्यायचे नाही, ही कसरत ज्यांनी गाळा चालवला आहे त्यांना निराळी समजावून सांगायला नको.

तेवढ्यात बेळगावची जागा सोडावी लागली. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती करायची होती. त्या सुमारास औंधला देवळाच्या मंडपाचे बांधकाम लक्ष्मणरावांकडे होते. नांगर करणारा माणूस देवळाचा मंडपही उभारत होता, हे आजच्या प्रसंगी मुद्दाम सांगायचे. आपला कारखाना आता कुठे न्यावा ही विवंचना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानी गेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळाची जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिले.

सन १९१०. माळावर निवडुंग आणि साप. पाण्याची वानवा. सुमारे पंचवीस कामगार आपापली बायकामुले घेऊन त्या माळावर आले. अशा ठिकाणी पोराबाळांना घेऊन कोणी येते ते नांगरावर भरवसा ठेवून नव्हे, तर माणसावर ठेवून. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईही त्याच माळावर संसार मांडून राहिल्या. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असा दंडक होता. तुरुंग भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या रखवालीवर नेमले, आणि ज्यांच्या भीतीने लोक दारे लावीत त्यांच्याच भरवशावर वाडी झोपू लागली. लक्ष्मणरावांना घरची मुले 'पपा' म्हणत. हळूहळू सारी वाडीच त्यांना पपा म्हणू लागली.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. सैन्याचे लोखंड शेतकऱ्याच्या बैलामागे चालू लागले.

आता वडील म्हणून त्यांच्याकडे पाहू. धंद्याला बरे दिवस आले होते. मुलाला गादीवर बसवून हिशेबाची वही हातात देता आली असती. पपांनी १९२२ साली शंतनुराव आणि पुतण्या माधव या दोघांना यंत्रविद्या शिकायला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला धाडले. शिक्षण पुरे होण्याआधीच क्षयाने माधव गेला. घरातला एक मुलगा असा गमावल्यावर दुसऱ्याला तारेने परत बोलावणे कोणत्याही बापाच्या मनात येईल. शंतनुराव मात्र शिक्षण पुरे करून १९२६ साली परतले आणि वाडीच्या कारखान्यात कामाला लागले. त्या चार वर्षांत पपा आणि राधाबाईंनी काय सोसले असेल, ते ज्यांची मुले आज परदेशी आहेत त्या आईबापांनी ओळखावे.

१९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीचा कारखाना पेटवला गेला. पपांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. अडतीस वर्षांची कमाई जळाली. कारखाना पुन्हा उभा राहिला, यंत्रे पुन्हा फिरू लागली, आणि ती फिरवणारे हात पुष्कळसे पूर्वीचेच होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणराव वारले. ते दिवस पितृपंधरवड्याचे होते. १९६९ साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आपल्यापैकी पुष्कळ जण अंबाबाईच्या दर्शनाला रेल्वेने कोल्हापूरला जातात. पुण्याहून गाडी मिरजेकडे निघाली की मिरज येण्याआधी एक लहानसे स्टेशन लागते. त्याचे जुने नाव कुंडल रोड. फलाटावरच्या पाटीवर आता 'किर्लोस्करवाडी' असे लिहिलेले आहे. पुढच्या खेपेला गाडी तिथे थांबली तर बरोबरच्या मुलांना खिडकीशी बसवावे आणि तो माळ दाखवावा.