सेलमधले खेळ आणि चौघांची भिशी

(गणेशोत्सव २०२५ मध्ये मंडळाच्या 'आमचा छंद' या संध्याकाळच्या कार्यक्रमात वाचलेलं टिपण)

मुलांनो, पुढे या. आज तुमचाच विषय आहे.

बोलायला आमच्यातला एक उभा असला तरी हे टिपण आम्ही चौघांनी किलवणी नाक्यावर चहा पीत मिळून लिहिलंय. त्यामुळे सगळीकडे 'आम्ही'च येणार. चौघंही चाळिशी ओलांडलेले, चौघंही कारखान्यात शिफ्टला जाणारे, आणि चौघांनाही व्हिडिओ गेमचा नाद. तोही सवलतीत विकत घेऊन खेळण्याचा. पूर्ण किंमत देऊन घेतलेला खेळ आमच्यात कुणाकडेही नाही.

उत्सवाच्या तयारीच्या सभेत एका काकांनी विचारलं होतं, "पैसे लावून खेळता काय रे?" त्याचं उत्तर आधी देतो. नाही. परवाच, २० आणि २१ ऑगस्टला संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. ई-स्पोर्ट्स आणि नुसते करमणुकीचे खेळ त्याने वेगळे काढलेत. आमचे खेळ या दुसऱ्या खात्यातले. एकदा पैसे देऊन पुस्तक घ्यावं आणि वाचावं, तसे. जिंकलो तरी एक रुपया मिळत नाही. उलट झोप जाते.

सवलतीचा पहिला धडा आम्ही लहानपणीच शिकलो. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचा खेळ घराघरांत आला. जपानच्या निंटेंडोने १९८३ साली जे यंत्र काढलं, त्याच्या नकला आपल्याकडे मिळत. कॅसेट घातली आणि चालली नाही की फुंकर मारायची. वापीच्या बाजारातून आणलेल्या एका कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं होतं. दहा हजाराला एक कमी! सुट्टी संपेपर्यंत आम्ही मोजलं, तेव्हा त्यात खरे खेळ पंधरा-वीसच होते. तोच मारिओ कधी दुसऱ्या पातळीपासून सुरू, तोच काँट्रा वेगळ्या नावाने. स्वस्तात पुष्कळ मिळतंय म्हणजे नक्की काय मिळतंय, ते मोजून बघावं, हे तेव्हा कळलं. आणि आम्ही ते विसरलो. कसं, ते पुढे येईल.

नंतर कॉम्प्युटर आले. मुंबईला कुणी गेलं की लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, सीडी आणायचं. त्या बहुतेक चोरीच्या असत, हे आज इथे कबूल करतो. अस्सल सीडीची किंमत बाबांच्या पगाराशी ताडून पाहिली की प्रश्नच मिटायचा. पण यावर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोलंडमध्येही हेच चालायचं. १९९४ साली वॉर्सात दोन शाळासोबत्यांनी 'सीडी प्रोजेक्ट' नावाने अस्सल खेळ विकायचा धंदा काढला. चोरीच्या मालाशी किमतीत टक्कर देता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून १९९९ साली 'बाल्डर्स गेट' हा खेळ त्यांनी पोलिश भाषेत आणला, नामवंत पोलिश नटांचे आवाज दिले आणि खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडीही घातली. लोकांनी तो पैसे देऊन घेतला. पुढे याच कंपनीने स्वतः 'द विचर' काढला. त्याचा २०१५ चा तिसरा भाग सेलमध्ये मोठ्या सवलतीत मिळतो आणि आमच्यातल्या दोघांनी तो तसाच घेतलाय. आपल्या भाषेत असं कुणी काही आणलं, तर आम्ही पूर्ण किंमत देऊ. हे सभेसमोर बोलतोय.

आता मूळ प्रश्न. चार हजारांचा खेळ आठशेला कसा परवडतो? यात खोट नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे चटकन कळेल. आपल्याकडे प्रत्येक नगाला कच्चा माल लागतो, वीज लागते. खेळाचं तसं नाही. बनवायला तीन-चार वर्षं आणि प्रचंड पैसा, पण एकदा बनला की पुढची प्रत इंटरनेटवरून द्यायला जवळजवळ काहीच पडत नाही. मग धंद्याचं गणित हापूससारखं होतं. पहिली पेटी ज्याला हवीच आहे तो मार्चमध्ये मागेल ती किंमत देतो. थांबायची तयारी असलेला मे अखेरीला घेतो. फरक इतकाच, की हा आंबा नासत नाही. उलट वर्षभरात त्यातल्या चुका दुरुस्त होतात आणि थांबणाऱ्याला जास्त चांगला खेळ मिळतो. आणि सवलतीला आपण सिल्वासाकरांनी तरी नाव ठेवू नये. आयकर आणि विक्रीकरातल्या सवलती नसत्या, तर इथे कारखाने आले नसते आणि आपल्यातली निम्मी घरं आज ठाण्यात नाहीतर नाशकात असती.

कॉम्प्युटरवरच्या खेळांचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे अमेरिकेचं 'स्टीम'. ते २००३ पासून आहे. आधी डॉलरमध्ये पैसे द्यावे लागत. २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती आल्या आणि आमचा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या तोंडावर, एक मोठा सेल आणि डिसेंबर अखेरीस दुसरा. घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. 'एपिक' नावाचं दुसरं दुकान २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. ते दर आठवड्याला एखादा खेळ फुकट देतं. मे २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, त्यांनी 'जीटीए ५' फुकट दिला आणि इतकी झुंबड उडाली की दुकानच काही तास बंद पडलं. तो खेळ अठरा वर्षांवरच्यांचा आहे, मागच्या मुलांनी कान बंद करा.

इथपर्यंत सगळं गोड वाटलं असेल. आता जे सांगायचं म्हणून आम्ही हा विषय घेतला, ते.

आमच्यातल्या एकाचा मुलगा तेरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तो बाबांच्या फोनवर एक खेळ खेळायचा. कुठला ते सांगत नाही. खेळ 'फुकट' होता. उतरवून घ्यायला फुकट, खेळायला फुकट. पण त्यातल्या शिपायाला नवे कपडे हवेत, बंदुकीला सोनेरी रंग हवा, तर पैसे. कधी ४९, कधी १९९. पोराला बाबांचा पिन माहीत होता, बँकेचे मेसेज तो पुसून टाकायचा. एकोणीस दिवसांत ६,४०० रुपये गेले. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं.

घरात काय झालं असेल ते सांगायला नको. पोराने आधी खोटं सांगितलं, मग रडला. फोन गेला. बाप-लेकांचं बोलणं थांबलं, ते जवळजवळ तीन महिने. जेवायला बसले की आई मधे निरोप्यासारखी. "त्याला सांग भात घे." "बाबांना सांग मला नको."

एका रविवारी बापाने पुन्हा एकदा पैशांचं काढलं. पोरगा उठला, कॉम्प्युटर लावला आणि बाबांचं स्टीमचं खातं उघडून म्हणाला, "बाबा, हे मोजूया का?" दोघांनी मोजलं. पाच वर्षांत सेलमध्ये घेतलेले खेळ ६१. पूर्ण झालेले १४. एकदाही न उघडलेले २७. वही काढून बेरीज केली. न उघडलेल्या २७ खेळांचे झाले ९,१५० रुपये. पोरगा एवढंच म्हणाला, "माझ्या शिपायाने कपडे घातले तरी होते."

बापाने आम्हा बाकीच्या तिघांना नाक्यावर बोलावून हे सांगितलं. आम्ही हसलो. मग घरी जाऊन प्रत्येकाने गुपचूप आपापलं खातं मोजलं. आकडे सांगत नाही, घरची मंडळी समोर बसली आहेत. पण '९९९९ इन १'ची कॅसेट आम्ही स्वतःच, हप्त्याहप्त्याने, पुन्हा विकत घेत होतो. ७५ टक्के सूट बघून २५ टक्के खर्च करायचा आणि ७५ टक्के वाचवले म्हणून खूश व्हायचं. सेलमधल्या साड्यांवरून घरात जे बोलतो, ते सगळं आमच्यावर उलटलं.

त्यातून भिशी निघाली. चौघांनी महिन्याला दोनशे, म्हणजे आठशे रुपये. वही त्या मुलाकडे. हो, त्याच मुलाकडे. हे त्याच्या आईने सुचवलं आणि आमच्यातल्या दोघांना ते पटलं नव्हतं. नियम तोच सांगतो: हातातला खेळ संपवल्याशिवाय किंवा 'हा काही जमत नाही' असं तोंडाने कबूल केल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. खेळाची आजवरची सर्वांत कमी किंमत इंटरनेटवर बघता येते, त्याच्या आसपास आला तरच घ्यायचा. शक्य तिथे प्लेस्टेशनची जुनी डिस्क घ्यायची, कारण डिस्क चार घरांत फिरते. आपल्या मंडळात दिवाळी अंक फिरतात, अगदी तसंच. अंक फाटतात, डिस्कला ओरखडे पडतात, आणि कोणी केले हे दोन्हीकडे कळत नाही.

डिस्कचं आणखी एक कारण आहे. इंटरनेटवरून घेतलेला खेळ आपल्या मालकीचा नसतो. वापरायची परवानगी तेवढी मिळते. स्टीमने २०२४ पासून पैसे भरतानाच तसं लिहायला सुरुवात केली. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. पैसे देऊन घेतलेल्यांचाही खेळ बंद. त्या खेळाची तर डिस्कही उपयोगाची राहिली नाही. खातं मुलाच्या नावावरही करता येत नाही. बाबांची पुस्तकं आमच्याकडे आली, आमचे खेळ आमच्याबरोबर जाणार.

पहिल्या वर्षी ९,६०० जमले, ५,७४० खर्च झाले. नऊ खेळ आले, सात संपले. उरलेल्या ३,८६० मध्ये दुसरा कंट्रोलर आला. चौघांपैकी तीन घरांत त्यानंतर आणखी कुणीतरी खेळायला लागलं. 'इट टेक्स टू' नावाचा २०२१ चा एक खेळ आहे, स्वीडनमधल्या मंडळींनी केलेला. घटस्फोटाच्या बेतात असलेल्या नवरा-बायकोच्या बाहुल्या होतात, आणि दोघांनी मिळूनच पुढे जावं लागतं. एकट्याने खेळताच येत नाही. आमच्यातल्या एकाने तो सौभाग्यवतींबरोबर सात रविवारांत संपवला. भांडणं खेळात झाली तेवढीच झाली, असं दोघंही सांगतात.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने साडेचार वर्षं बसून केला, २०१६ मध्ये आला. आमच्यातल्या एकाच्या आई, वय ७४, माहेर जव्हारचं, मागे खुर्चीत बसून बघतात. मुळ्यासारखं एक कंद त्यात चार दिवसांत तयार होतं, फ्लॉवर बारा दिवसांत. आई म्हणाल्या, "चार दिवसांत? मग शेतकरी गरीब कसा त्यात?" पण पाऊस पडला की त्या खेळात पाणी घालावं लागत नाही, हे बघून म्हणाल्या, "एवढं बरोबर आहे." आता कुठे काय लावायचं ते त्याच सांगतात.

एक मतभेद अजून मिटलेला नाही. तासाला किती रुपये पडले, यावरून खेळ घ्यावा असं आमच्यातला एक म्हणतो. बाकीच्यांना ते पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या. धाकट्या भावाला राक्षसांनी पळवलं म्हणून त्याला शोधायला निघालेली मुलगी, आणि गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीसाठी हाक दिली होती, पुरेसे पैसे जमले नाहीत. तरी नेटाने २०२० मध्ये खेळ आणला. पाच-सहा तासांत संपतो. शंभर तासांचे पाच खेळ आम्ही अर्धे टाकलेत, हा दोनदा खेळलो.

तोच आज आणलाय. आरतीनंतर मागच्या खोलीत टीव्ही लावतो, वही घेऊन तो मुलगा दाराशी बसेल, नंबर त्याच्याकडे लावा. काका-काकूंना रांग नाही. फक्त प्रसाद खाऊन येताना हात धुऊन या. मागच्या वेळी मोदकाच्या तुपाने दोन बटणं चिकटली होती, आणि त्याचा खर्च भिशीतून द्यायला त्याने साफ नकार दिला.