जखम भरते म्हणजे काय?

पेडण्याच्या माडांत आणि डिचोलीच्या कुळागरांत कोयता हे रोजचे हत्यार आहे. तेव्हा कोयत्याची जखमही नवलाची नव्हे. आठ-दहा दिवसांनी टाके निघतात आणि पाडेली पुन्हा माडावर चढतो. कातडी सांधली म्हणजे जखम बरी झाली, असा आपला समज आहे. शल्यचिकित्सेच्या नव्या विद्यार्थ्याला प्रथम हाच समज टाकावा लागतो. पणजीस १८४२ साली निघालेल्या वैद्यकशाळेची परंपरा आज बांबोळीचे महाविद्यालय चालवीत आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या या विषयातले शाळामास्तराला जेवढे उमगले, तेवढे सांगतो.

रक्त वाहू लागताच त्यातील बिंबिका एकमेकींना चिकटतात, सूक्ष्म तंतूंचे जाळे विणले जाते आणि रक्त गोठते. मग पांढऱ्या पेशी धावून येतात. जखमेभोवती लाली, ऊब, सूज दिसू लागते व घरची माणसे घाबरतात. वस्तुतः माफक सूज हे काम सुरू झाल्याचे लक्षण होय. ती वाढतच गेली, ताप आला किंवा पू झाला, तर मात्र दवाखाना गाठावा. दोन-तीन दिवसांत भक्षक पेशींचे राज्य सुरू होते. त्या मृत पेशी व जंतू गिळतात आणि बांधकाम करणाऱ्या पेशींना बोलावूनही घेतात. झाडूवाला आणि मुकादम एकच, अशी ही विलक्षण व्यवस्था! त्यानंतर नव्या रक्तवाहिन्यांनी भरलेले लाल मांसांकुर उगवतात आणि कोलॅजेन नावाचे तंतू साठू लागतात.

पण नुसता काथ्या जमवला म्हणजे दोर होत नाही. त्याला पीळ भरावा लागतो. कोलॅजेनचेही तसेच आहे. टाके काढतेवेळी जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर दहाव्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर येते आणि पूर्ववत कधीच होत नाही. पोटावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला डॉक्टर ओझे उचलू देत नाहीत, ते याचसाठी.

या तंतूंना क जीवनसत्त्व लागते. जॉन क्रँडन या अमेरिकन शल्यवैद्याने १९३९ साली ते आपल्या आहारातून पूर्णपणे वगळले. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र भरेना. जीवनसत्त्व टोचताच तीही भरू लागली. आपल्याकडे पथ्य म्हणून रुग्णाला दिवसचे दिवस पेजेवर ठेवतात. त्याला खरे तर मासळी, डाळ, आवळा, पेरू यांची गरज असते.

आता मधुमेहाविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : प्रौढांत २६.४ टक्के. रक्तातील साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, रक्तपुरवठा आखडतो आणि पायाची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही, आणि कळते तेव्हा बोट काळे पडलेले असते. अशा घरी रोज रात्री दिव्याखाली तळपाय पाहावेत. स्वतःचे दिसत नसतील, तर नातवाला पाहायला सांगावे.