लिलावातली शक्तिमान



जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९९६ पर्यंत लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनत. मोडीत काढलेली अशी एक गाडी आम्ही पाच घरांनी लिलावात घेतली. परतीच्या पावसात आमच्या काळ्या मातीत साधा ट्रक रुततो. मग बांधावर आलेला व्यापारी म्हणेल तो भाव. शक्तिमानची चारही चाके ओढतात.

गाडी उभी राहून गंजली होती. आम्ही आधी ब्रेक धरले. रबरे, नळ्या बदलल्या. टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंप-नोझल तपासून घेतले, डिझेलच्या नळीतली हवा काढली. मगच सेल्फ मारला. चिखल संपला की पुढच्या चाकांचा जोर सोडायचा, नाहीतर डांबरीवर गिअरवर ताण येतो.

लिलावाचे कागद पुरे घ्या. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला दुरुस्तीपेक्षा त्यातच जास्त घाम आला.

डिझेल ती भरपूर पिते. एकट्याला परवडणार नाही. पाच घरांचा कापूस, ज्वारी, कडबा एकत्र भरला तरच हिशेब जुळतो.

गाडीने भाव वाढत नाही. पण भाव पटला नाही तर माल माघारी आणता येतो. भावांनो, 'नाही' म्हणायची ही सोय आम्हाला आजवर नव्हती.