सहा फ्रेमांची सवलत



अध्यक्षाने भाषणाच्या सुरुवातीला आपली अपात्रता कबूल करायची रीत आहे. माझी अपात्रता मात्र खरोखरची आहे. मी पॉलिटेक्निकात ३१ वर्षं सी आणि डेटा स्ट्रक्चर शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं लॅबमधल्या कॉम्प्युटरवर गेम सापडला की तो उडवणं हेही माझंच काम होतं. पुढे गेम बनवायला शिकवण्याचा विषय आला, आणि तोही माझ्याच गळ्यात पडला.

प्रवेशाच्या दिवसांत वडील बाजूला घेऊन विचारतात, “सर, हा तिकडे नुसता खेळत तर नाही ना बसणार?” खेळायला वेळ कुठला! सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एकीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बटण वाचायचं, पात्र हलवायचं, टक्कर तपासायची आणि चित्रही काढायचं. पहारेकऱ्याला चोर दिसतोय का? तिथे व्हेक्टरचा डॉट प्रॉडक्ट लागतो. उत्तर धन आलं तर चोर पुढ्यात, ऋण आलं तर पाठीमागे. गणिताच्या एम-टू पेपरात दोनदा नापास झालेल्या मुलाने हे मला खडू हातात घेऊन समजावलंय.

पण गणित हा यातला सोपा भाग. अवघड भाग मला आमच्या कॅन्टीनच्या मावशींनी शिकवला.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा गेम होता. बुरुजावरून बुरुजावर उड्या मारणारा मावळा. (आपल्याकडे बहुतेक प्रोजेक्टांत मावळा असतोच, त्याला इलाज नाही.) चहा घेऊन आलेल्या मावशींना आम्ही खुर्चीत बसवलं. मावळा धावला, काठावर आला आणि दरीत गेला. पुन्हा गेला. मुलगा कळवळून म्हणाला, “मावशी, काठावर जंप दाबायचं!” मावशी म्हणाल्या, “दाबलंच की रे मी.”

आम्ही नोंद तपासली. त्यांनी दाबलं होतं, पण काठ सुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला. प्रोग्राम बरोबर होता आणि मावशीही बरोबर होत्या. मुलाने त्या रात्री काठ सुटल्यावरही सहा फ्रेम उडी चालेल अशी सोय केली. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला कायोटी हा प्राणी कडा संपला तरी क्षणभर हवेत पळतो, त्यावरून. दुसऱ्या दिवशी मावशी तिसऱ्या बुरुजापर्यंत पोचल्या. काय बदललं ते त्यांना कळलं नाही, आणि कळू नये हीच त्यातली कारागिरी.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या मुलाचं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, चाळलं, डेटा फ्लो डायग्राम कुठंय विचारलं आणि सही केली. गेमचं बटण एकदाही दाबलं नाही.

याच्या उलट एक गोष्ट ऐका. अमेरिकेत रेडमंडला डिजिपेन नावाचं कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा गेम केला. त्यातल्या राजकन्येला उडीच मारता येत नाही. म्हणून भिंतीत, जमिनीत जोडीची दारं उघडायची, एकातून शिरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं. व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी ते पाहिलं, अख्खी टीम उचलली, आणि २००७ साली त्यातूनच ‘पोर्टल’ आला. ही गोष्ट प्लेसमेंटची म्हणून सांगितली जाते. मला त्यात ती राजकन्या मोठी वाटते. आपल्या गाइडने काय केलं असतं? “उडी नाही? मग टाका, मार्क जातील.”

आणि हे सगळं दूरदेशीचंच आहे असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२० साली जगभर खेळला गेला. तेव्हा ‘आपल्याकडे कुठे असतं हे’ ही सबब आता तरी बंद करू या.

अभ्यासक्रम समितीकडे माझी मागणी एकच आहे. ब्लॅक बुकची पानं कमी करा, आणि परीक्षेत एक अनोळखी माणूस खुर्चीत बसवा. तो खेळेल, आणि विद्यार्थी दहा मिनिटं मागे हाताची घडी घालून, तोंड मिटून उभा राहील. नंतर व्हायवा फक्त एवढाच: काय पाहिलंस, आणि उद्या काय बदलशील?

बाहेर व्हरांड्यात मुलांनी चार कॉम्प्युटर मांडलेत. चहाला जाताना तिथे जरूर बसा. अडलात तरी मुलं काही बोलणार नाहीत, तशी ताकीद मीच दिली आहे. त्यांच्या हातात वह्या आहेत.