घाटातले रिव्हर्सिंग स्टेशन

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



देवळाच्या कामाची हकीकत समितीने सांगितलीच आहे. मी आपल्या बोरघाटातील एका बंद पडलेल्या स्टेशनाविषयी चार शब्द बोलणार आहे.

खंडाळ्याच्या खाली, डोंगराच्या सोंडेवर हे रिव्हर्सिंग स्टेशन होते. कुठल्या गावासाठी ते बांधलेले नव्हते, डोंगराने ते करायला लावले. कर्जतकडून चढत आलेली गाडी सोंडेवर आली की पुढे कडा, आणि वळण घ्यावे तर जागा नाही. म्हणून तेथे सपाटी करून गाडी थांबवीत, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडीत. मग शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने खंडाळ्याकडे चढू लागे. घाटात कडक चढ 37 फुटांना 1 फूट. उतरताना तर या जागेची धास्तीच असे. 1869 मध्ये खाली येणारी एक गाडी आवरली नाही, ती स्टेशन ओलांडून पुढे गेली आणि मोठा अपघात झाला.

हा घाटमार्ग जी. आय. पी. रेल्वेने 1856 ते 1863 या काळात बांधला. लांबी जवळजवळ 16 मैल, चढाई 1831 फूट, बोगदे 25. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे येताच थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल बाईंनी, ठेका पुरा करविला. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हे.

पण सुरुंग कोणी लावले? कड्यावरून दोराने खाली सोडलेली माणसे पहारीने खडकात भोके पाडीत होती. जानेवारी 1861 मध्ये कामावर 42,000 हून अधिक माणसे होती, बायकाही होत्या. पटकीने आणि तापाने हजारो माणसे दगावली. बर्कलेचे नाव पुस्तकात आहे, ट्रेडवेल बाईंचेही आहे. वाट दाखविणारा म्हणून सांगतात त्या शिंगरोबा धनगराचे देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. त्या कथेत खरे किती हा वाद अभ्यासकांनी करावा, त्याला निदान दिवा तरी लागतो. या हजारोंचे काय?

1929 मध्ये नवे बोगदे आणि विजेची इंजिने आली. गाडी सरळ वर जाऊ लागली आणि 66 वर्षे चाललेले हे स्टेशन सुटले. पुढच्याच वर्षी डेक्कन क्वीन सुरू झाली.

आता समितीला एक विनंती. सभामंडपात देणगीदारांच्या नावांची फरशी बसणार आहे. ती बसलीच पाहिजे, मंडळींनी पोटाला चिमटा घेऊन पैसे दिले आहेत. तिच्याखाली एक ओळ आणखी कोरावी : ‘घाट बांधताना गेलेल्या, नावे ठाऊक नसलेल्या कामकऱ्यांस.’ पाथरवटाची त्या ओळीची मजुरी मी देतो. पावती मात्र माझ्या नावाने फाडू नये.